तिकडं मेले तर मला बसवणार कोण

राबायला शिकवलंस, वाढायला शिकवलंस, कुणाच्या दारात उगं उभं राहू नये हेही शिकवलंस. पण परक्याच्या घरात पाहुणी होऊन कसं राहायचं, ते काही शिकवलं न्हाईस. आता सत्तरी आल्यावर ते माझ्या गळ्यात पडलंय, आणि तू खुशाल औशाच्या मळ्यात मातीखाली बसून आहेस. अव्वा, लेक असून माझा तुझ्यावर राग हाय. तिसरीपर्यंतच्या शाळेत जेवढं लिहिता आलं तेवढ्यातच लिहून राहिले, चुका काढू नको.

माझी नात, म्हणजे तुझी पणती, इथं लातुरात कॉलेजात शिकवते. ती कसल्याशा मंडळात हाय. बाहेरच्या देशातली माणसं आपल्या घरात येऊन राहतात, आपलं खातात, आपली रीत बघतात. मग आपण त्यांच्या देशात जायचं, त्यांच्या घरात राहायचं. लॉज न्हाई, हॉटेल न्हाई, घरातच. मी म्हटलं, "ना नात्याची ना गोत्याची माणसं, त्यांच्याशी सोयरीक जमवायची हाय का?" पोरगी म्हणते, "आज्जी, ओळख व्हावी म्हणून." आपल्यात ओळख असली तर घरात घेतात. ह्यांचं उलटं, आधी घरात घ्यायचं, ओळख मग होते.

गेल्या थंडीत जर्मनीची एक बाई आली. माझ्याच वयाची, विधवा, ताडमाड उंच. दारातून वाकून यायची, मला वाटायचं दर वेळी नमस्कार घालून राहिली. भाकरी खाल्ली, शेंगाची पोळी खाल्ली, आणि उठून आपलं ताट घासायला निघाली. मी ताट धरलं, तिनं सोडलं न्हाई. मोरीपाशी दोन म्हाताऱ्या एका ताटाला झोंबताहेत आणि सूनबाई फोटो काढतेय, असा तो तमाशा. पाहुणीनं भांडी घासली तर माझी अब्रू राहिली का? सकाळी मी गळ्यातलं लिंग हातावर घेऊन पूजेला बसले की ती भिंतीशी येऊन बसायची. एकदा तिनं विचारलं, हे गळ्यातून कधी काढता? नातीनं सांगितलं, काढत नसतात, मरेपर्यंत अंगावर, आणि मेल्यावर मातीत मांडी घालून बसवतात तेव्हाही हातावर संगंच. खरं सांगू का, मला तिची कीव कधी आली न्हाई. पाणी प्यायच्या आधी विचारायची, कुठं बसू म्हणून बघत राहायची, आणि ते बघून मला बरं वाटायचं. घर माझं, धाक माझा.

आता तिनं मला बोलावलंय. नातीसंगं तिच्या घरी, पंधरवडाभर. पासपोर्ट झाला, त्यात माझा फोटो खिसेकापूसारखा आलाय. तिकिटंही काढून झाली आणि मग मला विचारलं. मुलगा दुकानातून येऊन म्हणतो, "जा की आई, आमच्या नशिबात तर सोलापूरच्या पुढं काही न्हाई." त्याला काय जातंय. मला विमानाचं भ्या न्हाई, ते पडलं तर सगळेच पडतील. मला त्या घराचं भ्या वाटतं. ज्या भांड्यात काय काय शिजलं असेल त्या भांड्यातला भात. दिवसभर बंद दारं, रस्त्यावर माणूस न्हाई. न्हाणीत पाय घसरला आणि "अव्वा गं" म्हणून ओरडले, तर तिला वाटायचं गाणं म्हणून राहिली.

आणि सगळ्यात मोठं भ्या वेगळंच हाय, ते तुझ्याशिवाय कुणाला कळायचं. तू गेलीस त्या दिवशीचं मला अजून दिसतं. ओसरीवर भिंतीला टेकवून तुला बसवलंय. पाठीशी पाट, छातीवरून धोतराचा पट्टा बांधलाय, कपाळभर विभूती. बायका रडून राहिल्यात आणि तू सगळ्यांच्या मधोमध अशी बसलीस की आता कुणाला तरी रागावशील. मग मळ्यात खड्ड्यातही मांडी घालून बसवलं, हातावर लिंग ठेवलं आणि मिठासंगं माती लोटली. मी तेव्हा लेकुरवाळी होते, पोर कडेवर घेऊन बघत होते. मनात आलं, आपलं माणूस आडवं पडून गेलं न्हाई, बसून गेलं. तेव्हापासून माझंही तसंच व्हावं एवढंच मागितलंय.

म्हणून नातीला विचारलं, "तिकडं मेले तर?"

"काहीतरीच काय आज्जी! विमा काढलाय. तसं काही झालंच तर बॉडी इकडं आणतात."

"जिवंत असेपर्यंत आज्जी आणि मेले की बॉडी का गं?"

"तसं न्हाई..."

"पेटीत आडवी घालून आणतील. गारठ्यात ठेवून. मी लाकडासारखी ताठ झाल्यावर मांडी कोण घालणार, तुझा विमावाला?"

सूनबाई पदर तोंडाला लावून आत पळाली. हसत होती का घाबरली होती, कळलं न्हाई. मी म्हटलं, आता नात तिकिटं फाडणार. पण पोरगी तुझ्या वळणाची हाय, हट्टी. रविवारी तिनं मोबाईलवर त्या बाईला लावलं. बाई मला माझी खोली दाखवून राहिली, पलंग, खिडकी, बाहेर सफरचंदाचं झाड. मी म्हटलं, "झाड राहू दे. तिला विचार, मी तुझ्या घरात मेले तर काय करशील." नात म्हणाली, "मी असलं विचारणार न्हाई." मी म्हटलं, "मग मी येणार न्हाई." शेवटी विचारलं तिनं, मान खाली घालून.

मला वाटलं बाई हसेल, न्हाईतर फोन ठेवेल. तिनं मोबाईल खुर्चीवर उभा केला. गुडघ्यांवर हात देत देत खाली बसली, पाठ भिंतीला लावली, कशीबशी मांडी घातली. दोन्ही तळहात पुढं केले आणि काहीतरी विचारलं. नात म्हणाली, "आज्जी, ती म्हणतेय, अशीच ना? आणि लिंग कोणत्या हातावर ठेवायचं?"

नातीनं बापाकडं बघितलं. बाप सूनबाईकडं बघून राहिला. सूनबाई म्हणाली, "उजवाच असेल की, शुभ कामाला उजवाच असतो." आणि तिघंही माझ्या तोंडाकडं बघायला लागले.

अव्वा, तेव्हा मला कळलं. मी जर्मनीत मरायला घाबरत होते. पण इथं, माझ्या घरात, माझ्या खाटेवर मेले तरी रोज लिंग घेते त्या माझ्या डाव्या हाताची कुणाला खबर न्हाई. मठातल्या स्वामींना बोलावतील, ते सांगतील तसं करतील, माझ्याकडं बघत उभे राहतील. सांगायचं मीच टाळत आले. सांगायला बसलं की मरण पाटावर येऊन बसतं, आणि मला मरणाचं लई भ्या वाटतं. बाहेर कुणाला हे खरं वाटणार न्हाई, तोंड एवढं चालतं माझं.

मी मोबाईल पालथा घातला. बाई अजून तशीच भिंतीला टेकून वाट बघत असेल का उठली असेल, कोण जाणे.

जायचं का न्हाई, ते अजून ठरलं न्हाई. हे पत्र तर तुला पाठवता येत न्हाई आणि घरात कुणाला दाखवायचं न्हाई. पण आज दुपारी नातीला बोलावणार हाय. तिला समोर बसवून पाठीच्या पाटापासून मिठापर्यंत सगळं सांगणार, मधे उठू देणार न्हाई. आणि मग त्या बाईला फोन लावायचा. कोणता हात, ह्याचं उत्तर मी देणार न्हाई, तिच्या बापानं द्यायचं न्हाई, स्वामींनी तर मुळीच न्हाई. पोरीनं द्यायचं. माझ्या तोंडाकडं न बघता.