पाद्रीसाहेब वारले, त्या शनिवारची हकीकत

ती. ताईस,

धाकट्या व्हर्लीनचा सप्रेम सलाम. तुझे गुडघे, भावोजींची दाढ आणि किंग्स्टनमधली पाण्याची बोंब, तिन्ही आता आटोक्यात असतील अशी आशा करते. आम्ही सगळे खुशाल आहोत. इकडून काही भलतंच कानावर आलं असेल, तर आधी खाली बस, घोटभर पाणी पी आणि मग पुढे वाच.

यंदा आमच्या ह्यांची इथली मुदत संपते, हे तुला ठाऊकच आहे. उद्या, रविवारी, मंडळी हात वर करून ठरवणार होती, ह्यांना ठेवायचं की दुसरा पाद्री मागवायचा. देवळाचे कारभारी डीकन ब्रॅकेट घरोघर सांगत हिंडत होते की ह्यांचं प्रवचन सुरू झालं की घरी चुलीवरचा भात करपतो. (खोटं कशाला बोलू, माझाही करपलाय.) पण मला इथून हलायचं नाही. या घराचं छप्पर गळतं, दारं फुगतात, पलंगसुद्धा देवळाच्या मालकीचा. पण अंगणातला नीरफणस मी लावलाय, आणि आत्ता कुठे तो फळ धरायला लागलाय.

तर आज सकाळी काय झालं, सुगीच्या सणासाठी कुणीतरी देवळाला जिवंत बोकड अर्पण केला. लिलावापर्यंत त्याला सांभाळायचा आम्ही. दोरी सापडेना, म्हणून मी त्याला अंगणातल्या देवळाच्या घंटेच्या दोराला बांधून टाकला. आता घंटा भराभर वाजली तर प्रार्थना आणि थांबत थांबत एकेक ठोका पडला तर मयत, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. बोकड जास्वंदीकडे मान ताणी, की एक ठोका. पाला चावून झाला की पुन्हा मान ताणी, की दुसरा. आमच्या घंटावाल्याला जन्मात इतकी गंभीर वाजवता आली नाही.

मी आत मिरच्या चिरत होते. (इथल्या मिरच्या, ताई, नुसतं बघितलं तरी ठसका लागतो.) ठोके ऐकून म्हटलं, गेलं बिचारं कुणीतरी, आणि त्याच हातांनी डोळे पुसले. धारा लागलेल्या डोळ्यांनी दार उघडते तो समोर गायनमंडळाच्या मिस हायसिंथ. मी विचारलं, "कोण गेलं हो?"

"अगं लेकरा," त्यांनी मला छातीशीच आवळलं, "भ्रमच झाला की गं तुला!"

हे तापाने अंथरुणाला खिळलेत हे सगळ्या गावाला माहीत होतं. घटकाभरात अंगण भरलं. तळलेले मासे आले, पाव आले, खुर्च्या आल्या, भजनं सुरू झाली. मी तोंड उघडलं की कुणीतरी त्यात आल्याचा चहा ओती. ह्यांनी पोरांच्या गोंगाटाला कंटाळून खोलीला आतून कडी घातली होती. ती सुताराला बोलावून काढायची असं ठरलं. मग डीकन उभे राहिले. "असा माणूस पुन्हा होणे नाही," म्हणाले, "माझी बायको आजारी होती, तेव्हा हाच तिच्या उशाशी बसून राहिला. आणि मी मेला, याला घालवायला निघालो होतो!" आणि ढसाढसा रडले. तिकडे मिस हायसिंथ फीत घेऊन माझ्या खिडक्यांची मापं घेत होत्या, नव्या पाद्रिणीच्या पडद्यांसाठी. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की हे मयत आमच्या ह्यांचंच चाललंय. ताई, ते मात्र लागलं गं मनाला. माणूस आत घोरतोय, आणि बाहेर आपलं बिऱ्हाड उठलंसुद्धा!

एवढ्यात कडी वाजली. अंगभर पांढरा झगा घातलेले हे दारात उभे. "भजन झकास चाललंय," म्हणाले, "पण एखादा मासा मिळेल का?"

डीकननी भीतीने दोन्ही हात वर केले. त्यांच्यामागे सगळ्या गावाने. ह्यांनी शांतपणे नजर फिरवली आणि म्हणाले, "एकमताने. आभारी आहे."

आता कुणाला हात खाली घेऊन 'नको' म्हणायचं तोंड राहिलं नाही. घर राहिलं, ताई.

तुझी,
व्हर्लीन

ता.क. कुणा उत्साही माणसाने भावोजींच्या कचेरीत फोन करून ही मृत्यूची बातमी कळवली, आणि तिथून नवा तरुण पाद्री बायको, पोरं आणि पियानो ट्रकवर घालून निघायच्या तयारीत आहे म्हणे. नेमणुका भावोजींच्याच हातात. पत्र त्यासाठीच लिहिलं, आणि आजच्याच बसवाल्याच्या हाती धाडतेय. हा माणूस जिवंत आहे एवढं त्यांना पटव, आणि तो ट्रक अडव.

ता.ता.क. भावोजींनी मृत्युलेख लिहिला असेल तर फाडू नका म्हणावं. ह्यांना वाचायचाय. थोडक्यात आटपला असेल, तर जरा वाढवून पाठवा म्हणतात.