घसा असलेली बासरी

प्रिय यामिनी,

तुझा मोबाइल बाबांनी काढून घेतल्याचं तुझ्या चुलत बहिणीनं, मीनलताईनं सांगितलं. म्हणून हे पत्र आणि ही पिशवी तिच्याच हातून. रविवारी आलोकच्या घरचे तुमच्या दोघांच्या साखरपुड्याला तुमच्या घरी जैनथला येणार, हेही तिच्याकडूनच कळलं. डोकं असं फिरलं की हातातला तासलेला बांबू गुडघ्यावर मोडला. कॉलेज अर्ध्यात सोडलेल्या पोराचं दुसरं काय होणार, असं तुझे बाबा म्हणतील. म्हणू देत.

हैदराबादला जपानी शिकायला गेलीस, क्लासच्या मॅडमकडून तिकडच्या तीन तऱ्हेच्या बासऱ्या फुंकायला शिकलीस, आणि मला रेकॉर्डिंग पाठवून 'ओळख बरं' म्हणायचीस. मी तिन्हींना नुसतं बासरीच म्हणालो, तर केवढी हसलीस! 'येड्या, हे कान हायेत का नुसती भोकं?' तेव्हापासून कान लावून बसलो आणि माझ्या कुवतीनं तिन्ही करून पाहिल्या. त्याच या पिशवीत आहेत.

जाडी, उभी धरायची ती शाकुहाची. तिच्यासाठी बांबू मुळांसकट खणून काढला. पुढं चार भोकं, मागं एक. वरच्या कापलेल्या काठावर फुंकायचं. हनुवटी जरा खाली केली की सूर घसरतो, जसं बोलता बोलता कोणी गप्प व्हावं. बारीक, आडवी ती शिनोबुए. आपल्या बासरीची सख्खी बहीण, सरळ गाणारी. नोहकानही आडवीच, पण तिच्या आत, फुंकायच्या भोकापुढं, एक बारीक नळी बसवलेली असते. जपानी लोक तिला घसा म्हणतात. तो सूर अडवतो, म्हणून ही गात नाही, किंचाळते. दुसऱ्या कोणाशी हिचा सूर जुळत नाही. माझ्यासारखीच.

तुझ्या बाबांना यातलं काही कळत नाही. मागं तू सराव करत होतीस तर ओरडले होते, 'काऊन सकाळपासून पों पों करून राह्यली?' आज त्यांच्या या न कळण्याच्याच भरवशावर लिहितोय.

रविवारी सकाळी मी तुमच्या घरासमोर, ऑटो थांबतात तिथं उभा असेन. शाकुहाची वाजवलीस, तर थांब म्हणतेस असं समजेन. दातओठ खात का होईना, थांबेन. नोहकान किंचाळली, तर पाहुण्यांदेखत आत येऊन बाबांशी बोलेन. हात उचलणार नाही, तुझी शपथ. आणि शिनोबुए वाजली, तर तुझ्या मनात आलोक आहे. मग जो ऑटो निघेल त्यात बसेन. ती शिनोबुए मी पिशवीतून दोनदा काढून घेतली होती. परत ठेवली आहे.

तुझाच, निदान रविवारपर्यंत,
कुलदीप