लाल वर, हिरवा खाली

२१ नोव्हेंबर

चि. धाकट्यास आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा थंडीने कुरकुरतोय, नवीन काही नाही. तुझं पुस्तक पोस्टाने मिळालं. शहराच्या सिग्नलांचा सगळा इतिहास एका बैठकीत वाचून काढला. पोलिसाने हाताने फिरवायच्या लाकडी पाट्या, मग तेलाचे कंदील, मग विजेच्या आडव्या पेट्या. फोटो झकास आहेत. बेचाळीस पानावरचा खांब उलटा छापलाय, तेवढं बघ. अजून आपल्या सिग्नलच्या वर्कशॉपमध्ये असतास तर फोरमनने कान उपटला असता.

उभ्या सिग्नलचं प्रकरण मात्र तू फारच भरभर उरकलंस. ‘खात्याने लाल दिवा कायम वर ठेवायचं ठरवलं.’ खात्याने? ते आराखडे मी काढले, साहेबांच्या दारात आठ महिने चपला झिजवल्या. का झिजवल्या, ते फक्त तुलाच ठाऊक होतं. लाल आणि हिरवा मला सारखेच दिसतात. आडव्या पेटीत लाल कुठे डावीकडे असायचा, कुठे उजवीकडे. जागा पक्की असली की माझ्यासारख्यालाही थांबायचं कळतं.

आता एकशे बारा पान. दूधवाल्याचा पाय गेला, तो अपघात. तू लिहितोस की सिग्नलच्या लाल-हिरव्या काचा उलट बसल्या, कारण ‘बसवणाऱ्या फिटरला रंग ओळखता येत नव्हते, आणि तो माझा सख्खा भाऊ होता.’ आता हे वर्तमानपत्रातही आलं म्हणे.

अरे, शिडीवर मी होतो, पण खालून काचा कोण देत होतं? मी दर वेळी विचारायचो, “ही लाल ना?” त्या दिवशीही विचारलं. तू कुणाशी तरी गप्पा छाटत होतास. मान वर न करता म्हणालास, “हो रे दादा, लाव.” मी लावली.

चौकशीत चूक माझी म्हणून मोकळा झालो, कारण तुझी नोकरी अजून कायम व्हायची होती. माझी बढती गेली ती गेलीच. त्यानंतरच मी उभ्या खांबाच्या मागे लागलो. हे कधी तोंडातून काढलं नाही, आपली कडाक्याची भांडणं झाली तेव्हाही नाही.

परवा लेक पुस्तक घेऊन आली. “बाबा, त्या माणसाचा पाय तुमच्यामुळे गेला?” मी म्हटलं, “डोळ्यांचं खरं आहे. पुढचं काकाला विचार.” न जेवताच निघून गेली. तेव्हापासून फोनवर आईशीच बोलते, बाबांना फोन देऊ नको म्हणते.

फार लागलं रे. परक्याने लिहिलं असतं तर हसून सोडून दिलं असतं.

रविवारी ती तुझ्याकडे येतेय. दुसऱ्या आवृत्तीत काय छापायचं ते तुझं तू बघ, मला त्याचं काही नाही. तिला समोर बसवून काच कुणी दिली ते सांग. नाही सांगितलंस तर मला पत्र लिहायची तसदी घेऊ नकोस.

रविवारपर्यंत तुझाच,
दादा