डोक्यातले मऊ धागे

प्रिय ठकू,

डोक्यात बसवलेले धागे मला खरोखर कितीला पडले, ते आधी सांगतो. रुग्णालयाने पैसे घेतले नाहीत. संशोधन त्यांचं, डोकं माझं. पण डाव्या कानावरचे केस गेले, त्या कुशीवर झोपणं गेलं, लेथला हात लावायची बंदी आली, आणि तू बोलेनाशी झालीस. बाकीच्याची सवय झाली, तुझ्या न बोलण्याची होत नाही. फोन तू उचलत नाहीस. तुझ्या आईला विचारावं तर ती म्हणते, "बापलेकीच्या मध्ये मी पडणार नाही. तिनं तुम्हाला सांगायचं ते सांगितलंय." मनात म्हटलं, पोरीनं तर मला काहीच सांगितलेलं नाही.

हे सगळं कसं सुरू झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. मी वर्कशॉपात लेथवर शाफ्ट लावला होता. मिस्त्रीने एकदम मेन स्विच पाडला आणि माझं मनगट धरून मागे ओढलं. बाही शाफ्ट धरून फिरणाऱ्या चकपासून बोटभर लांब होती. मी त्याच्यावरच खेकसलो, चालू काम बंद करायला तुला कुणी सांगितलं? तो पांढराफटक पडलेला. म्हणाला, "मालक, हाका मारमारून घसा बसला. होतात कुठे?" कुठे म्हणजे? इथेच! ठकू, मला खरंच तसं वाटत होतं. वेळेचा मधला तुकडा गेला हे ज्याचा गेला त्याला कळतच नाही.

मग तुम्ही दोघींनी मला धरून डॉक्टरीणबाईंपुढे बसवलं. डोक्यावर तारा चिकटवून झाल्या, त्यात काही सापडलं नाही. मी ऐटीत घरी आलो. पुढे त्यांनी मेंदूतले विजेचे ठोके आतूनच ऐकणारे हे धागे सुचवले. केसाहून बारीक आणि ओल्या कागदासारखे लुळे. इतके लुळे की आपले आपण आत जाऊच शकत नाहीत; कडक सुईला टेकवून आत न्यायचे आणि सुई तेवढी परत काढून घ्यायची. मी विचारलं, एवढा खटाटोप कशाला, सुईच ठेवा की आत. त्या म्हणाल्या, मेंदू श्वासागणिक जरासा हलतो. कडक वस्तू त्याला घासत राहते, तो तिच्याभोवती घट्टा धरतो आणि काही महिन्यांनी तिला काही ऐकूच येत नाही. मऊ धागा मेंदूबरोबर हलतो, म्हणून ऐकत राहतो. हे मला लगेच पटलं. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून मोटारींची बेअरिंगं ऐकण्यात माझा जन्म गेला. तो जोर देऊन टेकवला की मोटार राहते बाजूला, आपलाच हात ऐकू येतो.

आणि कानांचं म्हणशील तर माझ्याइतके तिखट कान या धंद्यात दुसऱ्या कुणाचे नाहीत. भाड्याच्या शेडमध्ये लोखंड पकडायच्या एका व्हाइसवर सुरुवात केली ती याच कानांच्या जिवावर. गिऱ्हाईक फोनवर पंप ऐकवायचं आणि मी बसल्या जागी दोष सांगायचो. धागे बसवल्यानंतरच्या तपासणीच्या दिवशी तू भेटायला आलीस तेव्हाचंच बघ. छताच्या पंख्याचं बेअरिंग जात चाललंय हे एवढ्या मोठ्या रुग्णालयात फक्त मी ऐकलं. तुला म्हटलंसुद्धा, "ऐकतेस ना? बेअरिंग गेलंय त्याचं." तू माझ्याकडे नुसती बघत राहिलीस, पर्स उचललीस आणि निघालीस. मला वाटलं, बसची घाई असेल. पुढे फोन बंद झाले तेव्हा वाटलं, रुसली असेल कशावरून तरी. मग मीही हट्टाला पेटलो. दर वेळी बापानेच का नमतं घ्यायचं?

परवा डॉक्टरीणबाईंनी बोलावून घेतलं. पडद्यावर धाग्यांनी टिपलेल्या रेघांचं रान माजलेलं. म्हणाल्या, झटके येतात, छोटे, पण रोज. पण माझं तोंड थांबेना. म्हटलं, तुमचा धागा सरकला असेल, हा सगळा यंत्राचा खडखडाट. त्या चिडल्या नाहीत. दोन चित्रं शेजारीशेजारी लावली, एक टाके काढले तेव्हाचं, एक आत्ताचं. मेंदूतल्या एका पेशीचा ठोका कसा उमटतो त्याची. तीच उंची, तोच बाक. "काका, तुम्ही आवाजावरून मोटार ओळखता म्हणे. मग सांगा, ही तीच की दुसरी?"

तीच होती. धागा हलला नव्हता.

मग त्यांनी खोलीतल्या कॅमेऱ्याचं चित्र लावलं. रेघा उसळतात तेव्हा माणूस काय करतो ते जुळवायला तो कॅमेरा असतो. भेटायला आलेल्यांचं बोलणं मात्र नियमाने पुसून टाकतात. उरतं ते नुसतं चित्र. पडद्यावर तू होतीस. खुर्ची पुढे ओढलीस, माझा हात हातात घेतलास, बोलायला लागलीस आणि शेजारी रेघा उसळल्या. मी शर्टाचं बटण चाचपत भिंतीकडे बघतोय. मान डोलावतोय, जसा मी न पटणाऱ्या गिऱ्हाइकापुढे डोलावतो. तू बोलतेयस. रुमालाने डोळे पुसलेस, काहीतरी विचारलंस, उत्तरासाठी थांबलीस. रेघा खाली बसल्या आणि मी बोट वर करून पंखा दाखवला. मी ते चित्र पुन्हा लावायला सांगितलं, परत एकदा सांगितलं. तुझ्या ओठांवरून काही लागतंय का बघत होतो. डॉक्टरीणबाई तोंड फिरवून चष्मा पुसत राहिल्या. आईला मी यातलं काही विचारणार नाही, मला तुझ्याकडूनच हवंय. चांगलं असो, वाईट असो, माझ्यावर चिडून असो, पुन्हा सांग. आणि बोलताना माझी नजर भिंतीकडे गेली तर थांब, मी परत येईपर्यंत. त्या दिवशी तू जे सांगितलंस त्यातला एक शब्दही मला ऐकू आलेला नाही.

तुझाच,
बाबा