दोन्या मेल्चोराचा मागणी-पुरवठा

ती. एउलोहियोमामा,

तुमच्या दोन्ही गालांना माझा नमस्कार आणि डाव्या गुडघ्याला वेगळा, कारण तो हल्ली स्वतःला वेगळा समजतो असं तुम्हीच मागच्या पत्रात लिहिलं होतं. ओरुरोत थंडी आहे का हे विचारत नाही, ओरुरोत थंडी असतेच. तुम्ही कसे आहात ते मात्र विचारते. (शेजारच्या रोसेंदाबाई फोनवर म्हणाल्या की तुम्ही खोकत नाही, नुसता घसा साफ करता, आणि तो साफ व्हायला हल्ली अख्खी सकाळ लागते.) मामी गेल्यापासून एकट्यापुरतं सूप करायचा तुम्हाला कंटाळा येतो, हेही कळलं. इकडे खोऱ्यात पीच मोहरलेत. आई बरी आहे. रोज तुमची आठवण काढते, म्हणजे रोज तुमच्यावर चिडते.

आता बसून घ्या. मी तुमचं अर्थशास्त्र शिकवते आहे. हो, मीच. 'झुलेमाला कोंबड्या मोजायला पाठवलं तर ती त्यांना नावं देऊन परत येते,' असं तुम्ही जिच्याबद्दल सगळ्या पाहुण्यांना सांगायचात, तीच.

झालं असं की आमच्या अर्थशास्त्राच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, आणि मुख्याध्यापक सेन्योर रेम्बेर्तोंनी ठरवलं की कादंबरीचे तास काढून अर्थशास्त्राला द्यायचे, ते तास बाहेरच्या कुणाला तरी द्यायचे आणि मला शिवणकाम द्यायचं. (मला! माझ्या झग्याची बटणं अजून आई लावते.) कादंबरी कुठली ते तुम्हाला माहीत आहे. देशातल्या प्रत्येक पोराच्या माथी मारली जाते तीच. डोंगरवाटेवर चिचा, म्हणजे मक्याची दारू, विकणारी विधवा दोन्या मेल्चोरा आणि दर हिवाळ्यात 'आलोच' म्हणून मीठ घेऊन जाणारा खेचरवाला बाल्तासार. तुम्ही तिला 'रिकामटेकड्यांची थाप' म्हणता. म्हणा. पण मामा, माझ्या वर्गातली पोरं एरवी एकमेकांच्या तोंडाकडेही बघत नाहीत, आणि मेल्चोरा घागर खाली ठेवून दाराशी येते त्या पानावर सगळी एकदम गप्प होतात. तेवढ्या गप्प होण्यासाठी मी सकाळी उठून शाळेत जाते. ते गेलं तर उरतं काय, तर काज आणि बटणं.

म्हणून माझ्या तोंडून निघून गेलं, की तास काढता कशाला, मी मेल्चोरामधूनच अर्थशास्त्र शिकवते की! सेन्योर रेम्बेर्तोंनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "ठीक आहे. इन्स्पेक्टरबाई येऊन बघतील. त्यांना पटलं तर मेल्चोरा राहील. नाही पटलं तर सुईदोरा तयार ठेवा, प्रोफेसोरा."

तुमचं जुनं पुस्तक माळ्यावरून काढलं. (उंदरांनी प्रस्तावना खाल्ली आहे. बाकीच्याला तोंड लावलेलं नाही.) सुरुवात संधिखर्चापासून केली, कारण तेवढंच मला पहिल्या वाचनात समजलं. बाल्तासार मीठ घेऊन गेला, म्हणजे त्याला त्या सफरीचा खर्च किती आला? खेचरांचा चारा, दोर, नाल, हे सगळं पोरांनी सांगितलं. मग मी फळ्यावर लिहिलं, 'मेल्चोरा'. जे घेण्यासाठी जे सोडलं, तो खरा खर्च. वर्ग गप्प झाला. मला वाटलं, जिंकले. दुसऱ्या दिवशी देल्फिन नावाचा कार्टा गृहपाठ न करता आला आणि शांतपणे म्हणाला, "प्रोफे, गृहपाठाचा संधिखर्च फुटबॉलची मॅच होता. परवडेना."

मग आला मागणी-पुरवठा. मेल्चोरा एक, तिला मागणी घालायला दारात बसणारे तीन. पहिला कोंबडी आणतो, दुसरा मेंढी, तिसरा थेट बैल. तुम्ही तीस वर्षं ज्या आकृत्या काढल्यात, त्या माझ्या वर्गाला एका बैलात समजल्या. इतक्या समजल्या की त्याच आठवड्यात वर्गातल्या नायदाची आई, पदर नाही पण शाल खोचून, स्टाफरूममध्ये उभी.

"काय शिकवताय हो माझ्या पोरीला? थोरलीला बघायला माणसं आली होती. चांगली माणसं, ट्रक आहे त्यांचा. आणि ही भवानी सगळ्यांसमोर म्हणते, आई, आपल्याकडे पुरवठा एकच आहे, मागणी वाढेपर्यंत थांबू या!"

मी माफी मागितली. (माणसं गेली होती का? नाही. पुढच्या रविवारी परत आली, आणि येताना टीव्ही आणला. हे मी सेन्योर रेम्बेर्तोंना सांगितलेलं नाही.)

शेवटी इन्स्पेक्टरबाई यायचा दिवस उगवला. मी ठरवलं की त्या दिवशी कादंबरीतलं दुष्काळाच्या जत्रेचं प्रकरण करून दाखवायचं. बाकं सरकवली, अर्धा वर्ग विकणारा, अर्धा घेणारा. नायदाने कांदे आणले, देल्फिनने आईच्या दुकानातले बटाटे. इन्स्पेक्टरबाई ग्रिसेल्दा म्हणजे कडक इस्त्री, ओठ मिटलेले, वही उघडी. त्या बटाट्यांसमोर थांबल्या.

"सांग बाळ, यात विकणारा कोण?"

"कासेरा," देल्फिन म्हणाला.

"बरं. आणि घेणारा?"

"कासेरा."

"दोन्ही कासेरा? मग फरक काय?"

"फरक कशाला? हाक मारायची तर प्रेमानेच मारणार ना?"

मामा, तुम्हाला काय सांगायचं! आपल्या बाजारात जन्म गेला. विकणारी घेणारीला कासेरा म्हणते, घेणारी विकणारीला कासेरा म्हणते, आणि आजवर कुणाचा घोटाळा झाला नाही. पण वहीत काय उतरलं ते मला उलटं वाचता आलं: 'ग्राहक व विक्रेता यांतील भेद विद्यार्थ्यांस ठाऊक नाही.' सेन्योर रेम्बेर्तो छताकडे बघू लागले. माझ्या बोटांना शिवणाच्या सुया टोचल्यासारखं झालं.

बाईंनी वही मिटली. "मी दाखवते," त्या म्हणाल्या. "समज, मी ग्राहक आहे." आणि त्यांनी एक बटाटा उचलला. तिथेच चुकलं त्यांचं. (किंवा नशीब माझं.) कारण आपल्या खोऱ्यातल्या बाईच्या हातात बटाटा आला की अंगठा आपोआप दाबून बघतो.

"हे काय कासेरा, मोठे वर आणि बारके खाली?"

"अहो कासेरा, तुमच्यासाठीच सकाळपासून बाजूला ठेवलेत!"

"कळलं, कळलं. यापा टाक."

देल्फिनने वर एक बटाटा फुकट टाकला. बाईंचा हात तसाच पुढे.

"हा यापा? याला डोळा तरी आहे का? मागच्या वेळी ओंजळभर टाकला होतास!"

"मागच्या वेळी पाऊस होता, कासेरा. आता दुष्काळाचं प्रकरण चालू आहे."

आणि कांद्यांमागून नायदा ओरडली, "टंचाई, प्रोफे, टंचाई! भाव तोच राहिला, यापा आटला!"

बाईंचा हात हळूहळू खाली आला. त्यांनी हातातल्या बटाट्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि एकदम हसल्या. मग खुर्ची ओढून बसल्या आणि मेल्चोराने बैलवाल्याला नाही म्हणायला नको होतं, असं म्हणून बसल्या! वर्ग पेटला. मुली म्हणे बाल्तासार येणार, मुलगे म्हणे खेचरवाल्याचा काय भरवसा. घंटा झाली, कुणी उठेना. बाई बटाटे आणि यापा पिशवीत घालून गेल्या आणि जाताना वहीतली ती ओळ खोडली. मी बघितली खोडताना.

तर मेल्चोरा राहिली. म्हणजे जवळजवळ राहिली.

गुडघ्याला कोमट तेल लावा, आईचे शिव्याशाप गोड मानून घ्या, आणि थापांना थोडी तरी क्षमा करा.

तुमची भाची,
झुलेमा

ता. क. 'जवळजवळ' अशासाठी, की कादंबरीतून अर्थशास्त्र शिकवायचं तर कुणी तरी अर्थशास्त्राच्या शिक्षकाने त्याची जबाबदारी घ्यायला हवी, असं बाई म्हणाल्या. निवृत्त चालतो. सही शुक्रवारपर्यंत हवी, नाही तर शिवणकाम. आपल्या घराण्यात असा माणूस एकच आहे. तेव्हा तुम्ही या. पीचच्या बाजूची खोली आईने चुना मारून ठेवली आहे. (कधीपासून, ते तिला विचारू नका.) कोचाबांबाच्या स्टँडवर मी उभी राहीन.

दुसरा ता. क. पत्र वाचून बघितलं. एक गोष्ट लिहायची राहिली. सही टपालानेही चालेल, असं बाई म्हणाल्या होत्या. दोनदा म्हणाल्या. पण मामा, टपालाने आली तर मी ती फाडून टाकणार आहे, मग मेल्चोरा जाईल आणि मी काज करत बसेन. तुम्ही आल्याशिवाय मला ती कादंबरी नको आहे. आता काय घ्यायचं आणि त्यासाठी काय सोडायचं, ते तुम्ही ठरवा. विषय तुमचा आहे.