सोबतीला कोण आलंय

ती. ताईस,

धाकट्याचा, कंबर वाकते तेवढा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला हटला का? मी मजेत आहे, म्हणजे एक दाढ सोडली तर.

ती बरेच दिवस ठणकत होती. शेवटी दातांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आणि खूपच आधी जाऊन बसलो (घरी थांबलो असतो तर गेलोच नसतो, तू मला ओळखतेस). आतून यंत्राची घरघर ऐकू येत होती. मी जन्मभर शिलाई मशीनवर बसलेला माणूस, घरघरीला भिणारा नव्हे. पण हे मशीन माणसाच्या तोंडात चालतं. तेवढ्यात टेबलामागच्या मुलीने विचारलं, "काका, सोबत कोण आलंय?" दाढ काढल्यावर चक्कर येते, एकट्याला सोडत नाहीत म्हणे. मी म्हणालो, बायको गाडी लावतेय. (गाडी आपल्याकडे कधीच नव्हती, आणि ही जाऊन आता दुसरं वर्ष सरेल, पण तोंडून निघून गेलं.) ती पोरगी भली. दर थोड्या वेळाने दाराकडे बघायची. शेवटी काळजीने म्हणाली, "काकूंना अजून जागा मिळाली नाही का हो?"

मी चष्मा काढून पुसत बसलो. शेजारी गालाला रुमाल बांधून एक मास्तरीणबाई पेपर तपासत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मी आहे त्यांच्यासोबत." मुलगी गोंधळली, बाईंचीही त्याच दिवशी दाढच काढायची होती. बाई म्हणाल्या, मग आधी त्यांना घ्या, माझ्या वेळी ते बसतील.

तसंच झालं. त्यांनी माझा चष्मा सांभाळला, मी त्यांची पर्स (बंद उसवला होता, माझे हात नुसते शिवशिवत होते). जिन्याखाली आलो तेव्हा दोघांच्याही तोंडात कापसाचे बोळे. नाव-गाव विचारायची सोय नव्हती. माना हलवल्या आणि दोन दिशांना गेलो.

तुझा,
धाकटा

ता. क. : आता दुखत नाही. उगाच काळजी करून धावत येऊ नकोस.

आणखी एक : आतली खोली झाडून घेतली आहे. जाड गादी उन्हात टाकली आहे. सहज कळवलं.