आधी उलटं फिरव

बाबा, आज गार्डभाऊ आले होते. एटापल्ली रोडच्या वननाक्यावरचे, पंधरा वर्षांपूर्वी आपल्या गॅरेजकडे पाठ फिरवून गेलेले. तुम्ही गेलात तेव्हाही ते आले नव्हते. तीच काळी मोटरसायकल आलापल्लीच्या चौकापासून ढकलत आणली, अंगावरचा शर्ट घामानं चिंब. चालत्या गाडीच्या इंजिनातून स्पार्क प्लग उडाला होता. मी प्लगच्या भोकात बोट घातलं तर आटे नावालाही नाहीत, सगळं गुळगुळीत. "लय दिवस जुगाडावर चालवली," ते म्हणाले. "याचं हेड आता कुठीच भेटत नाई. तुया बापानं तवा वाट लावली, तू पाह्य काही होते का." मी मान खाली घातली आणि इंजिनावरचं हेड खोलायला घेतलं.

माझा आयटीआयचा निकाल लागून आठच दिवस झाले होते तेव्हा, आणि मला आभाळ ठेंगणं वाटत होतं. तुम्ही जेवायला आत गेला होतात. गार्डभाऊंच्या गाडीचा प्लग वाकडा लागतोय हे माझ्या बोटांना कळलं होतं, बाबा. तरी मी लांब पान्हा घेतला आणि जोर लावला. ॲल्युमिनियम आधी करकरलं, मग एकदम ढिलं पडलं. तुम्ही खरकट्या हातानंच बाहेर आलात. गार्डभाऊ तापले होते, "कोणं केलं हे?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. "माया हातानं झालं, भाऊ," म्हणालात. ते गेल्यावर मात्र माझी खरडपट्टी काढलीत. "हातानं बसत नसल तं पान्हा काऊन लावला? आधी उलटं फिरव. टक वाजलं का आटा जाग्यावर येते. मंग सुलटं." दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्रोलच्या नळीचा वीतभर तुकडा माझ्या हातात ठेवलात. तो प्लगच्या टोकावर बसवून फिरवायचं, आटा चुकला की रबर घसरतं आणि धातू वाचतो.

आज हेड शिकंज्यात धरलंय. भोक थोडं मोठं करून त्यात टॅपनं नवे आटे पाडायचे आणि आत पोलादी तारेची स्प्रिंग बसवायची, म्हणजे प्लग तिच्यात घट्ट बसतो. टॅप तिरका गेला तर पुन्हा कापायला धातूच उरणार नाही, आणि गाडी भंगारात. टॅपला ग्रीस लावते. अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे. गार्डभाऊंना स्टूल दिलंय, पण ते माझ्या खांद्यामागेच उभे आहेत, त्यांचा श्वास ऐकू येतो. निम्म्यावर टॅप अडतो. हात म्हणतो, दाब. मी दोन्ही हात काढून घेते.

"काय झालं?"

"काई नाई भाऊ. बोलू नका जरासं."

उलटं फिरवून टॅप बाहेर काढते, चुरा झाडते, पुन्हा ग्रीस, पुन्हा सुरुवात. घाम डोळ्यांत जातो, पण पुसायला हात मोकळा नाही. या वेळी टॅप तळापर्यंत जातो. स्प्रिंग बसते. मग तुमचा तो नळीचा तुकडा काढला. आता त्याला चिरा पडल्यात. प्लग उलटा फिरवला, टक वाजलं, मग सुलटा. अलगद गेला.

हेड चढवलं. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. गार्डभाऊ बराच वेळ आवाज ऐकत राहिले. मग म्हणाले, "बापापेक्षा चांगला हात हाय तुया. त्यानं बिघडवलं, तू सुधारलं." सांगायचं अगदी जिभेवर आलं होतं. "ऑइल बदलाले या, भाऊ," एवढंच म्हटलं. ते निघून गेले.

प्लग मी वाकडा लावला होता हे तुम्हाला ठाऊकच होतं, त्याच्यासाठी पत्र कशाला लिहायचं. आजचं तेवढं तुम्हाला ठाऊक नाही. माझा हात तुमच्यापेक्षा चांगला असं ते म्हणाले, आणि मला बरं वाटलं, बाबा. फार बरं वाटलं.